लायब्ररी काउंटीत न्यायची तर चांगल्या दिवसांत न्या

मिनेसोटात राहणाऱ्या आपल्या लोकांमध्ये हा विषय निघाला की पाच मिनिटांत दोन तट पडतात. सेंट पॉल शहराची स्वतःची पब्लिक लायब्ररी आहे, आणि त्याच रॅम्झी काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी) रोझव्हिल, मेपलवुड, शोअरव्ह्यू वगैरे गावांसाठी काउंटीची वेगळी लायब्ररी आहे. मग दोन डायरेक्टर, दोन कॅटलॉग, दोन बजेट कशाला, एकच करून टाका, असं एक गट म्हणतो. दुसरा म्हणतो की आमची लायब्ररी ही शहराची ओळख आहे, ती काउंटीच्या ऑफिसातल्या लोकांच्या हातात अजिबात द्यायची नाही. पहिल्यांना फक्त वाचलेले पैसे दिसतायत, दुसऱ्यांना फक्त उतरवलेली पाटी, आणि खरा प्रश्न तसाच बाजूला पडून राहतो. माझं मत आधीच सांगून टाकतो. मर्जर व्हावं. पण पैसे वाचतील म्हणून नको, कारण ते फारसे वाचणार नाहीत. लायब्ररीचा खर्च कायमचा कोणाच्या अंगावर राहणार आणि तिचे निर्णय कोण घेणार हे एकदाचं लिहून ठेवायला म्हणून व्हावं, आणि ते शहराची तिजोरी बरी असताना व्हावं, खडखडाट झाल्यावर नाही.

शेजारच्या मिनिॲपोलिसचं उदाहरण दोन्ही बाजू देतात, पण सोयीचं तेवढंच सांगतात, म्हणून जरा नीट सांगतो. तिथली लायब्ररी १८८५ साली राज्याच्या कायद्याने सुरू झाली, १८८९ मध्ये इमारत उघडली, आणि तिला स्वतःचं लायब्ररी बोर्ड होतं ज्यातले बहुतेक मेंबर लोक मतदान करून निवडून द्यायचे. २००० च्या नोव्हेंबरमध्ये मतदारांनी लायब्ररीसाठी १४ कोटी डॉलरचे बाँड (कर्जरोखे) मंजूर केले, जुनी सेंट्रल पाडून नवी बांधायला आणि ब्रांचेस सुधारायला. मेख अशी की बाँडचा पैसा बांधकामाला चालतो, पगाराला, पुस्तकांना आणि हिवाळ्यातल्या हीटिंगच्या बिलाला चालत नाही. २००३ मध्ये राज्याच्या बजेटला ४०० कोटी डॉलरच्या वरचं भगदाड पडलं, टिम पॉलेन्टी नुकतेच गव्हर्नर झालेले, टॅक्स वाढवणार नाही असा शब्द देऊन आलेले, आणि मग कात्री लागली ती राज्याकडून शहरांना जाणाऱ्या मदतीला. लायब्ररीच्या चालू खर्चातला मोठा हिस्सा त्याच मदतीतून यायचा. तास कापले, माणसं कमी केली, तरी पुरेना. २००६ च्या मे महिन्यात सीझर पेलींनी डिझाइन केलेली देखणी काचेची सेंट्रल लायब्ररी थाटात उघडली आणि ते वर्ष संपताना रूझवेल्ट, साउथईस्ट आणि वेबर पार्क या तीन ब्रांचेसना कुलूप लागलं. म्हणजे इमारत नवी कोरी आणि ती चालवायला पैसे नाहीत! मग मिनिॲपोलिस ज्या काउंटीत येतं त्या हेनेपिन काउंटीशी बोलणी झाली, राज्याने कायदा केला, आणि १ जानेवारी २००८ पासून शहराची लायब्ररी काउंटीच्या लायब्ररीत विलीन झाली. एकूण ४१ लायब्ररी एका छताखाली आल्या, आणि बंद पडलेल्या तिन्ही ब्रांचेस काउंटीने परत उघडल्या. वेबर पार्कला तर २०१७ मध्ये नवी इमारत पण मिळाली.

इथपर्यंत ऐकलं की मर्जरवाले म्हणतात, बघा, सांगत होतो ना. पण थांबा. त्या तीन ब्रांचेस पैसे वाचले म्हणून उघडल्या का? मुळीच नाही. जास्त मोठ्या टॅक्स बेसमधून, म्हणजे टॅक्स भरणाऱ्या जास्त घरांतून आणि मालमत्तांतून, जास्त पैसे आले म्हणून उघडल्या. लायब्ररीच्या बजेटचा सगळ्यात मोठा तुकडा असतो पगार, आणि दोन संस्था एकत्र आल्या की पगार आणि सवलती सहसा वरच्या पातळीला जुळवाव्या लागतात, खालच्या पातळीला जुळवायला युनियन कशी तयार होईल आणि का व्हावी? तासांचंही तेच. एका गावची ब्रांच रविवारी उघडी आणि दुसरीकडची बंद, असं एकाच काउंटीत फार दिवस चालत नाही, लोक मीटिंगला येऊन विचारतात. वाचतं ते दुय्यम, एक कॅटलॉग सिस्टिम कमी, एक डायरेक्टर कमी, पुस्तकं प्रोसेस करायचं एक ऑफिस कमी. तेवढ्यासाठी एवढा खटाटोप कोणी करू नये. आणि ‘बचत होईल’ हे आश्वासन देऊन मर्जर केलं तर त्याचा वाईट परिणाम पुढे दिसतो, कारण दोन वर्षांनी बचत दाखवायची वेळ आली की आकडा जुळवायला एखादी छोटी ब्रांचच बंद करतात. म्हणून बचतीचा मुद्दा पुढे करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की तो सोडून द्या, तुम्ही तुमच्याच बाजूचं नुकसान करताय.

आता पैसे कुठून येतात ते बघू, कारण सगळं तिथे अडतं. मिनेसोटात लायब्ररी मुख्यतः प्रॉपर्टी टॅक्सवर चालते. ज्या शहराची स्वतःची लायब्ररी आहे त्याच्या घरमालकांना काउंटीच्या लायब्ररीचा टॅक्स लागत नाही, ते आपल्या शहराचा भरतात. ऐकायला अगदी न्याय्य वाटतं. पण सेंट पॉलमध्ये टॅक्स कोणाकडून घेणार? राज्याचं कॅपिटल तिथे, सरकारी ऑफिसं तिथे, कॉलेजं, हॉस्पिटलं, चर्चेस तिथे, आणि यातल्या बहुतेकांना प्रॉपर्टी टॅक्स माफ आहे. म्हणजे अख्ख्या राज्याला लागणाऱ्या संस्था ज्या शहराने आपल्या जमिनीवर वागवल्या त्याच शहराच्या घरमालकांवर उरलेला सगळा बोजा. रोझव्हिलला राहणारा माणूस रोज डाउनटाउनला कामाला येणार, दुपारी राइस पार्कच्या समोरच्या सेंट्रल लायब्ररीत बसणार, आणि त्या इमारतीच्या छपराचा खर्च मात्र सेंट पॉलच्या फ्रॉगटाउन वस्तीतल्या भाडेकरूच्या भाड्यातून वसूल होणार (घरमालक टॅक्स भाड्यात टाकतोच, ते काही वेगळं सांगायला नको). याला स्थानिक स्वायत्तता म्हणायचं का?

यावर जे उत्तर येतं ते खरंच चांगलं आहे आणि ते टाळून पुढे जाणं बरोबर नाही. म्हणतात, अरे पण कार्ड तर सगळीकडे चालतं. बरोबर. १९६९ पासून मेल्सा नावाची व्यवस्था आहे, ट्विन सिटीजच्या सात काउंट्यांमधल्या लायब्ररी त्यात आहेत, एका ठिकाणचं कार्ड दाखवून दुसरीकडून पुस्तक आणता येतं आणि बरीच कामं एकत्रित होतात. मी स्वतः याचा भरपूर फायदा घेतो, पुस्तक एका काउंटीतून आणतो आणि आठवडाभर स्टडी रूमला बसतो दुसऱ्या काउंटीत. मग मर्जरची गरज काय? गरज अशी की मेल्साने वापर एकत्र केला, जबाबदारी एकत्र केली नाही. पुस्तकं घ्यायला सगळे आपले, पैसे भरायला ज्याचा तो. चांगले दिवस असताना हे खपून जातं. वाईट दिवस आले की २००६ च्या डिसेंबरसारखं होतं, साउथईस्टची ब्रांच बंद होते आणि तिथली पोरं दुसऱ्या गावच्या लायब्ररीत जाऊ शकतात, कागदावर. नकाशावर पाच मैल म्हणजे काहीच नाही, पण जानेवारीत उणे वीस डिग्रीत दोन बस बदलून नऊ वर्षांचं पोर पुस्तक आणायला जात नाही. दुपारी साडेतीन-चारला शाळा सुटल्यावर कुठल्याही शहरी ब्रांचमध्ये जाऊन उभे राहा. होमवर्क हेल्पच्या टेबलाभोवती सोमाली आणि हमोंग मुलं, कॉम्प्युटरची वाट बघत बसलेला कोणीतरी ज्याला नोकरीचा फॉर्म आजच भरायचाय, प्रिंटरपाशी कागद अडकला म्हणून डेस्कवरची बाई उठून जातेय आणि जाता जाता एका आजोबांना लॉगिन करून देतेय. हे सगळं चालत जाता येण्याएवढ्या अंतरावर असलं तरच त्याचा उपयोग आहे, दूरच्या ब्रांचमध्ये चालणारं कार्ड त्याची जागा घेऊ शकत नाही.

ओळख पुसली जाईल ही भीती मला समजते, पण मिनिॲपोलिसमध्ये ती खरी ठरली नाही. फ्रँकलिन ब्रांच ही उद्योगपती अँड्र्यू कार्नेगीच्या पैशातून १९१४ साली झालेली, ती आजही फ्रँकलिनच आहे. शहराच्या इतिहासाचा जो मोठा संग्रह होता तो सेंट्रलमध्येच राहिला, लोक अजूनही आपल्या जुन्या घराचे फोटो शोधायला तिथे येतात. आणि शहरातल्या काही लोकांच्या बोलण्यात एक छुपा सूर असतो की उपनगरातली लायब्ररी म्हणजे बेस्टसेलर आणि डीव्हीडी, गंभीर काम शहरातच होतं. हे चुकीचं आहे. हेनेपिन काउंटीचे हेड कॅटलॉगर सॅनफर्ड बर्मन यांनी १९७० च्या दशकापासून विषयवार नोंदींमधली जुनाट आणि अपमानास्पद शीर्षकं बदलायला लावण्यासाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार केला, त्यांचं काम देशभरचे लायब्ररियन वाचायचे. उपनगरी काउंटीत बसून त्यांनी हे केलं.

मात्र एक गोष्ट खरोखर गेली आणि ती छोटी नव्हती. निवडून आलेलं लायब्ररी बोर्ड गेलं. आधी तुमच्या ब्रांचचे तास कापले तर तुम्ही ज्याला मत दिलंय त्याला रस्त्यात गाठून जाब विचारू शकत होता, त्या माणसाचं काम तेवढं एकच होतं, लायब्ररी. मर्जरनंतर लायब्ररी बोर्डाचे मेंबर काउंटी बोर्ड नेमतं, आणि सात कमिशनर्सच्या त्या बोर्डापुढे जेल असतं, हॉस्पिटल असतं, रस्ते असतात, चाइल्ड प्रोटेक्शन असतं, आणि त्या रांगेत लायब्ररी. शिवाय शहराची वस्ती काउंटीच्या साधारण एक तृतीयांश, म्हणजे कमिशनर्सपैकी बहुसंख्य बाहेरच्या भागातून येणार. मिनिॲपोलिसने हे का मान्य केलं? कारण दुसरा इलाज नव्हता. तीन ब्रांचेस बंद, आणखी बंद व्हायच्या वाटेवर, अशा अवस्थेत जो बोलणी करायला जातो त्याला अटी घालता येत नाहीत. मर्जरवर टीका करणारे याच मुद्द्यावर जोर देतात आणि त्यांचं निरीक्षण बरोबर आहे. फक्त त्यातून ते जो निष्कर्ष काढतात तो मला पटत नाही. मर्जर करू नका हा धडा त्यातून निघत नाही, हातात काहीतरी असताना करा हा निघतो.

आणि काउंटी म्हणजे काही अभेद्य किल्ला नाही हेही मान्य करायला हवं. ओरेगनच्या जॅक्सन काउंटीत जंगलाच्या लाकडापोटी केंद्राकडून येणारा पैसा आटला, मतदारांनी नवा टॅक्स नाकारला, आणि २००७ च्या एप्रिलमध्ये काउंटीच्या सगळ्याच्या सगळ्या १५ ब्रांचेस बंद झाल्या. एकही उघडी नाही! ऑक्टोबरमध्ये उघडल्या त्या एका खाजगी कंपनीला चालवायला देऊन. न्यूयॉर्क राज्यात बफेलोच्या लायब्ररी १९५४ मध्येच ईरी काउंटीशी एकत्र झालेल्या, पण २००५ मध्ये काउंटीचं बजेट कोसळलं तेव्हा शहर आणि गावं दोन्हीकडच्या बऱ्याच ब्रांचेस एकदमच गेल्या. सगळी अंडी एका टोपलीत ठेवली की हे होणारच, असं म्हणणाऱ्याला मी काय उत्तर देऊ? हेच की ही दोन्ही उदाहरणं नीट बघा. दोन्हीकडे लायब्ररीचा पैसा काउंटीच्या सर्वसाधारण तिजोरीच्या मर्जीवर होता, तिच्यासाठी वेगळा बांधलेला पुरेसा टॅक्स नव्हता. जॅक्सन काउंटीच्या लोकांनी शेवटी २०१४ मध्ये मतदान करून स्वतंत्र लायब्ररी डिस्ट्रिक्ट काढलं, म्हणजे लायब्ररीचा टॅक्स वेगळा, तो जेलला किंवा रस्त्याला वळवता येत नाही. तिथल्या लोकांनी परत गावागावाची वेगळी लायब्ररी काढली नाही, मोठी व्यवस्थाच ठेवली आणि तिचा पैसा सुरक्षित केला. माझंही म्हणणं तेवढंच आहे.

काउंटी लायब्ररी ही कल्पना आली कुठून हे लक्षात घेतलं तर वादाची दिशाच बदलते. ग्रेशिया कंट्रीमन ही शेतकऱ्याची मुलगी १९०४ ते १९३६ मिनिॲपोलिसच्या लायब्ररीची प्रमुख होती. तिने कारखान्यांत आणि फायर स्टेशनांत पुस्तकं पोचवली, आणि १९२२ मध्ये हेनेपिन काउंटीची लायब्ररी सुरू झाली तीही तिच्याच हाताखाली. शहराबाहेरच्या शेतावरच्या माणसाने टॅक्स कमी भरला म्हणून त्याने पुस्तक कमी वाचावं का, हा तिचा सवाल होता. त्याही आधी, १९०५ मध्ये, मेरिलँडच्या वॉशिंग्टन काउंटीत मेरी टिटकॉम्बने घोडागाडीत पुस्तकं भरून ती शेताशेतावर पाठवली. तेव्हा शहर सधन होतं आणि आजूबाजूचा भाग गरीब, म्हणून शहराने हात पुढे केला. आता बऱ्याच ठिकाणी चित्र उलटलंय, पैसा उपनगरात गेला आणि गरज शहरात उरली. तेव्हा जे तत्त्व बरोबर होतं ते आता पैशाची दिशा बदलली म्हणून चुकीचं कसं झालं?

आपल्याकडचं उदाहरण तर याहून चांगलं आहे. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये अमेरिका पाहिली, आणि १९१० मध्ये कनेटिकटहून विल्यम बॉर्डन नावाच्या लायब्ररियनला बडोद्याला बोलावलं. तिथे जी व्यवस्था उभी राहिली तिच्यात गावाने वाटा उचलायचा, पंचायतीने उचलायचा आणि दरबारने उचलायचा, आणि पेट्यांमधून फिरती पुस्तकं गावोगाव जायची. गावाची समिती गावाचीच, पण पैशाची हमी वरून. हे दोन्ही एकत्र नांदू शकतं हे शंभर वर्षांपूर्वी एका मराठी राजाने करून दाखवलं. याच्या उलट महाराष्ट्राचा १९६७ चा ग्रंथालय कायदा बघा, त्यात लायब्ररीसाठी वेगळा उपकर ठेवलाच नाही. मद्रासने तो १९४८ च्या कायद्यातच ठेवला होता. आपल्याकडे वाचनालयं गावोगाव आहेत, त्यांना ‘अ’ ‘ब’ ‘क’ ‘ड’ वर्ग आहेत, समित्या आहेत, स्थानिक अभिमान तर ओतप्रोत आहे, पण अनुदानासाठी दर वर्षी सरकारच्या तोंडाकडे बघावं लागतं आणि ग्रंथपालाला मिळतं ते मानधन सांगायलाही संकोच वाटतो. स्थानिक अभिमानावर लायब्ररी चालत असती तर महाराष्ट्रातल्या लायब्ररी जगात पहिल्या नंबरवर असत्या.

आता परत सेंट पॉलकडे. इथलं गणित मिनिॲपोलिसपेक्षा वेगळं आहे आणि ते दोन्ही बाजू विसरतात. सेंट पॉलची वस्ती तीन लाखांच्या थोडी वर आणि रॅम्झी काउंटीची साडेपाच लाखांच्या आसपास, म्हणजे शहर हेच काउंटीच्या निम्म्याहून जास्त. त्यामुळे शहर गिळलं जाईल ही भीती इथे लागू पडत नाही, उलट उपनगरांना वाटू शकतं की शहर आम्हाला गिळेल. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर शहराला मिळणारा पैशाचा फायदाही हेनेपिनएवढा मोठा नसेल, कारण काउंटीच्या टॅक्समधला मोठा वाटा शहरवासीयच भरतील. पण म्हणूनच बरोबरीने बसून बोलणं इथे शक्य आहे. रोझव्हिलवाल्यांना त्यांच्या ब्रांचचे तास कमी होणार नाहीत याची हमी द्या, ती राज्यातल्या सगळ्यात गजबजलेल्या ब्रांचेसपैकी एक आहे, त्यांची काळजी रास्त आहे. शहरवाल्यांना १९१७ च्या सेंट्रल इमारतीची मालकी कोणाकडे आणि तिच्या दुरुस्तीचा खर्च कोणाकडे हे लिहून द्या. आज शहरात सिटी कौन्सिलच लायब्ररी बोर्ड म्हणून बसते, म्हणजे फक्त लायब्ररीसाठी निवडून आलेलं हातचं बोर्ड घालवायचंय असंही नाही, मग निदान नव्या व्यवस्थेत तरी थेट निवडून आलेलं बोर्ड मागा, जे मिनिॲपोलिसला मागता आलं नाही.

वॉशिंग्टन राज्यातल्या रेंटन शहराने काय केलं ते इथल्या लोकांनी अभ्यासावं. २०१० मध्ये अगदी थोड्या मतांच्या फरकाने ते शहर किंग काउंटीच्या लायब्ररी सिस्टिममध्ये सामील झालं. त्यांची जुनी लायब्ररी सीडर नदीच्या अक्षरशः वर बांधलेली आहे, खालून पाणी वाहतं आणि शरद ऋतूत सॅमन मासे वर चढताना दिसतात. सामील झाल्यावर ती जागा सोडून दुसरीकडे नवी इमारत बांधायचं ठरत होतं. लोक चिडले, सह्या गोळा केल्या, प्रश्न मतपत्रिकेवर आणला, आणि २०१२ च्या ऑगस्टमध्ये प्रचंड बहुमताने सांगितलं की लायब्ररी नदीवरच राहील. राहिली. मर्जर होऊनही त्यांचा आवाज गेला नाही, कारण मतदानापर्यंत जायचा रस्ता त्यांच्याकडे होता.

सेंट पॉल आणि रॅम्झीने असा रस्ता कायद्यात घालून घ्यावा. कुठलीही ब्रांच बंद करायची किंवा हलवायची असेल तर आधी त्या भागात जाहीर सुनावणी, लायब्ररीची लेव्ही (तिच्यासाठीचा टॅक्स) वेगळी आणि तिला किमान मर्यादा, उघड्या तासांचा किमान आकडा दोन्ही बाजूंना सारखा, बोर्ड निवडून आलेलं. यासाठी विधिमंडळाचा कायदा लागेल, तसा तो हेनेपिनसाठी २००७ मध्ये झाला होता, आणि विधिमंडळ बसतं तेही सेंट पॉलमध्येच, सेंट्रल लायब्ररीपासून चालत वीस-पंचवीस मिनिटांवर. ज्यांना मर्जर नको आहे त्यांनीसुद्धा या अटी आत्ताच मागाव्यात, कारण उद्या राज्याची मदत पुन्हा आटली आणि शहराला नाइलाजाने काउंटीच्या दारात जावं लागलं तर त्यातली एकही तेव्हा मागता येणार नाही.